रोमन चांदीचा पेला घ्यायचाय? आधी उलटा करून बघा

"रोमन, इसवी सनाचं पहिलं शतक, चांदी" अशा ओळीखाली पेल्याचा फोटो दिसला की डोळे थेट नक्षीवर जातात. द्राक्षवेली, पाणथळीतले करकोचे, मद्यदेवतेची मिरवणूक. नवखा संग्राहक इथेच अडकतो, कारण नकली माल बनवणारा आपली सगळी मेहनत नक्षीवरच ओततो. पेल्याचा तळ, कानांचे जोड, काठाची आतली बाजू यांवर तो तेवढा वेळ घालवत नाही. म्हणून पुढे दिलेला क्रम नेहमीच्या उलट आहे: आधी कागद, मग वजन, मग तळ आणि जोड, मग धातूचा पृष्ठभाग, त्यानंतर प्रयोगशाळा आणि सगळ्यात शेवटी नक्षी. एखाद्या पायरीवर उत्तर पटलं नाही तर तिथेच थांबायचं. पुढच्या पायरीवरचा चांगला निकाल मागच्या पायरीवरचा वाईट निकाल पुसत नाही.

वस्तूची ओळख

रोमन श्रीमंत घरात चांदीच्या भांड्यांचे दोन ढोबळ गट असत: जेवणाची चांदी आणि पिण्याची चांदी. पिण्याच्या चांदीत चार आकार जास्त भेटतात. स्किफस म्हणजे रुंद तोंडाचा, खोलगट, दोन गोल कानांचा पेला. कानाच्या वर अंगठा टेकवायला चपटी पट्टी असते. कँथरॉसचा पाय उंच आणि कान काठाच्याही वर वळलेले. कॅलॅथस बिनकानाचा, खाली निमुळता, वर टोपलीसारखा पसरत गेलेला. मोडिओलस एका कानाचा, आपल्या मगासारखा. विक्रेत्याने नुसतं "वाइन कप" लिहिलं असेल तर आकाराचं नाव विचारा. ज्याला ते सांगता येत नाही त्याने काळ कशावरून ठरवला, हा पुढचा प्रश्न.

उठावाच्या नक्षीच्या पेल्यांचा बहर इ.स.पूर्व पहिल्या शतकाच्या उत्तरार्धापासून इ.स. पहिल्या शतकाच्या अखेरीपर्यंतचा. पुढे पिण्यासाठी काच मोठ्या प्रमाणावर वापरात आली, आणि चौथ्या शतकापर्यंत धनिकांची हौस मोठमोठ्या ताटांकडे वळली. इंग्लंडमध्ये मिल्डेनहॉलला १९४२ साली सापडलेलं चौथ्या शतकातलं थोरलं ताट सुमारे ६० सेंटीमीटर व्यासाचं आणि ८ किलोहून जड आहे. तेव्हा "चौथं शतक, उठावाच्या नक्षीचा स्किफस" अशी जाहिरात दिसली तर ती लगेच खोटी ठरत नाही, पण भुवई उंचवायला पुरेशी आहे.

पेले बहुतेक वेळा जोडीने घडवत. डेन्मार्कमध्ये होबी इथे १९२० साली एका सरदाराच्या थडग्यात निघालेले दोन पेले जोडीचेच आहेत आणि दोघांच्याही तळाशी "सिलियस" हे नाव कोरलेलं आहे. बाजारात येतो तो बहुधा एकटा पेला. जोडीदार कुठे आहे, या प्रश्नाचं उत्तर मिळेलच असं नाही, पण प्रश्न विचारायचाच. कारण वजनाच्या पायरीवर त्याचं काम पडतं.

आणखी एक गोष्ट मनात पक्की बसवा. चांदी ही वितळवून पुन्हा वापरायची वस्तू. दोन हजार वर्षं ती टिकली ती जवळजवळ नेहमी जमिनीखाली दडून राहिली म्हणूनच: ज्वालामुखीच्या राखेत, थडग्यात, किंवा घाईघाईत पुरून ठेवलेल्या ठेव्यात. व्हेसुव्हियसखालच्या बोस्कोरेआले गावात १८९५ साली एका मळ्यातल्या वाड्यात ठेवा निघाला, तो आज मुख्यतः लूव्रमध्ये आहे. पाँपेईतल्या मेनँडरच्या घरातून १९३० साली ११८ नग निघाले, ते नेपल्सच्या संग्रहालयात आहेत. जर्मनीत हिल्डेसहाइमला १८६८ साली, नॉर्मंडीत बेर्तूव्हीलला १८३० साली असेच ठेवे सापडले. म्हणजे तुमच्यासमोर ठेवलेला पेलाही, खरा असेल तर, कधीतरी कुणाच्या तरी जमिनीतून निघाला आहे. तो कधी निघाला आणि कुठल्या देशातून निघाला, याचं उत्तर कागदांतून यायला हवं.

पायरी १: कागद

मालकीची साखळी शक्य तितकी मागे न्या. किमान १४ नोव्हेंबर १९७० च्या आधीचा पुरावा असावा, कारण त्या दिवशी सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा युनेस्को करार संमत झाला आणि बहुतेक संग्रहालयांनी तीच रेषा मानली आहे. ही नैतिक आणि व्यावहारिक रेषा आहे. कायद्याची रेषा मात्र देशागणिक वेगळी आणि बऱ्याचदा कितीतरी जुनी. इटलीत १९०९ च्या कायद्यापासून जमिनीतून निघालेल्या पुरावस्तूंवर सरकारचा हक्क आहे. तुर्कस्तानात ऑटोमन काळातल्या १९०६ च्या फर्मानापासून तशीच स्थिती आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६ च्या ट्रेझर ॲक्टनुसार ३०० वर्षांहून जुनी, किमान १० टक्के मौल्यवान धातू असलेली वस्तू सापडली तर १४ दिवसांत कळवावं लागतं. तिथे सापडलेल्या पेल्याबरोबर संग्रहालयांनी हक्क सोडल्याचं पत्र असलंच पाहिजे.

पुरावा कशाला म्हणायचं? तारखेसह छापलेला लिलावाचा कॅटलॉग आणि त्यातला लॉट क्रमांक, जुनी पावती, विम्याची यादी, प्रदर्शनाची नोंद, तारीख ठरवता येईल असा फोटो, निर्यात परवाना. "स्वित्झर्लंडमधल्या खासगी संग्रहातून, १९६० चं दशक" हे वाक्य म्हणजे पुरावा नव्हे, कारण ते कुणालाही टाइप करता येतं. वारसाने काल-परवा करून दिलेलं प्रतिज्ञापत्रही एकट्याने पुरत नाही.

कागद हाती आले की ते वस्तूइतक्याच संशयाने वाचा. जुन्या कॅटलॉगची छायाप्रत पाठवली असेल तर मूळ कॅटलॉग वाचनालयातून मिळवा आणि फोटोतले पोचे, ओरखडे, काठावरच्या चिरा आजच्या पेल्याशी ताडून पाहा. चांदीवरचे व्रण बोटांच्या ठशांसारखे असतात. पत्रावरच्या पत्त्यातला पिनकोड, दूरध्वनी क्रमांकाचे आकडे, बँकेचं नाव त्या तारखेला अस्तित्वात होतं का ते पाहा. जर्मनीत पाच आकडी पिनकोड १ जुलै १९९३ पासून आला. त्याआधीच्या तारखेच्या पत्रावर तो दिसला तर पत्र खोटं. हे फार बारीक वाटेल, पण गेटी संग्रहालयाने विकत घेतलेल्या प्रसिद्ध संगमरवरी कुरोसच्या, म्हणजे ग्रीक शैलीतल्या तरुणाच्या पुतळ्याच्या, कागदांत नेमकं हेच निघालं: १९५२ ची तारीख असलेल्या पत्रावर १९७२ साली सुरू झालेला पोस्टकोड, आणि १९५५ च्या पत्रात १९६३ साली उघडलेलं बँक खातं.

चोरीच्या वस्तूंच्या नोंदीत पेला नाही, असं प्रमाणपत्र विक्रेते मोठ्या अभिमानाने जोडतात. ते घ्या, इंटरपोलच्या आयडी-आर्ट ॲपवरही स्वतः शोधा; पण त्याची मर्यादा ओळखा. ज्याची नोंदच कधी झाली नाही ती वस्तू चोरीच्या यादीत कशी येणार? रात्री खणून काढलेला पेला अशा प्रत्येक यादीत स्वच्छच दिसतो.

कागद कच्चे असले तर काय होतं याची दोन उदाहरणं. सेव्हसो या उत्तर-रोमन काळातल्या ठेव्यातले १४ चांदीचे नग १९९० साली न्यूयॉर्कमध्ये लिलावासाठी मांडले गेले. सोबतचे लेबनॉनचे निर्यात परवाने बनावट निघाले, तीन देशांनी दावे लावले आणि विक्री बारगळली. अखेर २०१४ आणि २०१७ मध्ये प्रत्येकी सात नग हंगेरीने मिळवले. दुसरं सिसिलीतल्या मॉर्गँटिनाचं. हे रोमन नव्हे, त्याआधीचं ग्रीक काळातलं काम. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला घेतलेले १६ नग २०१० साली इटलीला परत गेले. पुरातत्त्वज्ञांनी चोरांनी उपसलेली जागा पुन्हा खणली तेव्हा तिथल्या विस्कटलेल्या मातीत १९७८ चं १०० लिरांचं नाणं निघालं होतं. एवढ्या मोठ्या संस्थेला वस्तू परत करावी लागते, तर एकट्या संग्राहकाचे पैसे बुडायला किती वेळ?

पायरी २: फोटो आणि मापं मागवा

कागद ठीक वाटले की मगच वस्तूकडे वळा. विक्रेत्याकडून हे मागवा: तळाचा सरळ वरून काढलेला फोटो, दोन्ही कानांचे जोड आतून आणि बाहेरून, काठाची कड जवळून, आतल्या बाजूवर तिरपा उजेड टाकून काढलेला फोटो, प्रत्येक चीर आणि दुरुस्ती, आणि अतिनील प्रकाशातला एक फोटो. अतिनील प्रकाशात आधुनिक रेझिनचं भरण आणि लाखेसारखे थर बहुधा धातूपेक्षा वेगळे चमकतात. वजन ग्रॅममध्ये, एका ग्रॅमच्या अचूकतेने. उंची, काठाचा व्यास, पायाचा व्यास मिलिमीटरमध्ये. "साधारण अर्धा किलो" हे उत्तर चालत नाही. जो हे द्यायला टाळाटाळ करतो त्याच्याशी पुढे बोलण्यात वेळ घालवू नका.

पायरी ३: वजन

चांदी ही रोमनांसाठी संपत्ती होती, त्यामुळे ते भांडं तोलत आणि पुष्कळदा वजन तळावर नोंदवत, टोकदार हत्याराने ओरखडून किंवा बारीक ठिपक्यांच्या ओळीने. ही नोंद वाचायला शिकलात तर हातात एक उत्तम हत्यार येतं.

रोमन पौंड, लिब्रा, म्हणजे सुमारे ३२७ ग्रॅम. त्याचे १२ भाग केले की उन्सिया, सुमारे २७.३ ग्रॅम. उन्सियाचे २४ भाग केले की स्क्रिप्युलम, सुमारे १.१४ ग्रॅम. नोंदीची सुरुवात बहुधा "पी" या लॅटिन अक्षराने होते, ते "पोंडो" म्हणजे वजन या शब्दाचं आद्याक्षर. पुढे उभ्या रेघा पौंडांच्या, "एस" हे अर्ध्या पौंडाचं चिन्ह, आडव्या रेघा उन्सियांच्या.

समजा तळावर पी, दोन उभ्या रेघा आणि एस आहे. म्हणजे अडीच पौंड, ८१७ ग्रॅमच्या आसपास. समोरचा पेला मात्र ४०० ग्रॅमचा. घाबरू नका. नोंद जोडीची असू शकते, मग एकाचा वाटा सुमारे ४०९ ग्रॅम, आणि झीज धरून ४०० हा आकडा छान बसतो. आता तोच पेला ५३० ग्रॅम भरला तर? गंजाने आणि आत चिकटलेल्या मातीने थोडं वजन वाढू शकतं, जुन्या दुरुस्तीतल्या डाखाने आणखी थोडं. पण सव्वाशे ग्रॅम नाही. नोंद मागाहून कोरली आहे, किंवा अंग नवीन आहे, किंवा कान आणि पाय दुसऱ्याच भांड्याचे आहेत. वजन कमी भरणं हे त्यामानाने निरुपद्रवी: तुटलेला कान, गळून पडलेला पाय, खाऊन गेलेला काठ. किती कमी भरतंय ते मात्र दिसणाऱ्या तुटीशी जुळलं पाहिजे.

नोंदीची अक्षरंही भिंगाखाली पाहा. जुना ओरखडा गंजाच्या थराखाली जातो आणि आजूबाजूच्या धातूइतकाच काळवंडलेला असतो. गंज कापून गेलेला, तळाशी चकाकणारा ओरखडा नवा. नोंद नसेल तर बिघडत नाही. नोंद नसलेले अस्सल पेले भरपूर आहेत.

पायरी ४: तळ, अंग, जोड

पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम पाहिलं असेल तर रोमन पेल्याचं अंग कसं घडलं हे समजायला वेळ लागणार नाही. पत्रा ऐरणीवर ठोकत ठोकत, मधूनमधून तापवून मऊ करत वर उचलला जायचा. मग लेथवर फिरवून पृष्ठभाग साफ व्हायचा. त्यामुळे पायाच्या आत, तळाच्या मध्यावर लेथच्या टोकाची बारीक खोलगट खूण आणि भोवती एकाच केंद्राची वर्तुळं दिसणं ही चांगली बातमी. खूण मध्यावर नसेल, वर्तुळं यंत्राने काढल्यासारखी सारख्या अंतराची असतील किंवा तळ ओतीव धातूसारखा दाणेदार असेल तर थांबा.

उठावाची नक्षी पत्र्याच्या आतल्या बाजूने ठोकून काढत आणि बाहेरून छिन्नीने रेखत. अशा पत्र्याची आतली बाजू खड्ड्यांनी भरते. मद्य त्या खड्ड्यांत साचेल, पेला पुसताही येणार नाही. म्हणून कारागीर आत दुसरा गुळगुळीत पत्रा बसवत, अस्तरासारखा, आणि त्याची कड काठावरून दुमडत किंवा काठाखाली जोडत. हा जोड शोधा. बाहेर बोटभर उठाव आणि आत गुळगुळीत, पण अस्तराची कड कुठेच नाही आणि अंग जाड, जड, असं दिसलं तर बहुधा एखाद्या अस्सल पेल्याचा साचा घेऊन केलेलं ओतकाम समोर आहे. ओतीव नकलेत चेहऱ्यांच्या बारीक रेषा बोथट होतात, खोलगट कोपऱ्यांत सुईच्या टोकाएवढे बुडबुडे राहतात, आणि धातू थंड होताना आकसल्यामुळे ती मूळ पेल्यापेक्षा किंचित लहान भरते. मूळ पेला संग्रहालयात असेल तर मापं ताडून पाहणं सोपं आहे.

कान आणि पाय वेगळे करून डाखाने जोडलेले असत, पुष्कळदा शिसं-कथलाच्या मऊ डाखाने. तो काळाच्या ओघात सुटतो. त्यामुळे कान नसलेला आणि कानाच्या जागी करडा, काठ असलेला डाग दिसणारा पेला, दोन्ही कान ठाकठीक असलेल्या पेल्यापेक्षा जास्त विश्वासाचा वाटू शकतो. कान असतील तर त्यांच्यावरची झीज आणि अंगावरची झीज सारखी आहे का ते बघा. अंगठा टेकवायची पट्टी हजारदा हाताळल्यावर गुळगुळीत व्हायला हवी. ती कोरीकरकरीत आणि शेजारचं अंग मात्र झिजलेलं, हे कसं?

एकोणिसाव्या शतकातल्या विद्युत-प्रतिकृतींचं वेगळं सांगायला हवं, कारण त्या फसवण्यासाठी केलेल्या नव्हत्या आणि म्हणूनच जास्त फसवतात. हिल्डेसहाइमचा ठेवा सापडल्यावर फ्रान्समधल्या क्रिस्तोफ्ल आणि जर्मनीतल्या डब्ल्यूएमएफ या कंपन्यांनी त्याच्या प्रतिकृती विकल्या. साच्यात विजेच्या प्रवाहाने तांब्याचा थर चढवून वर चांदीचा मुलामा. बाहेरून अगदी हुबेहूब. आतली किंवा मागची बाजू मात्र दाणेदार, ठोकल्याची एकही खूण नाही, आणि झिजलेल्या कडेवर तांबडा धातू डोकावतो. तळाशी कंपनीचा ठसा असतो, किंवा तो घासून काढल्याची चपटी चमकदार जागा असते. या वस्तू स्वतःच्या परीने सुंदर आणि संग्रह करण्याजोग्या आहेत, पण योग्य नावाने आणि योग्य किमतीला. ८०० किंवा ९२५ असा शुद्धतेचा ठसा किंवा तो घासल्याची खूण दिसली तर मग बोलणंच संपलं.

पायरी ५: पृष्ठभाग

पुरलेल्या चांदीवर तीन गोष्टी सापडतात. काळा थर चांदीच्या सल्फाइडचा. करडा ते जांभळट, मेणासारखा मऊ थर चांदीच्या क्लोराइडचा. खारट मातीत हा धातूत आत शिरत जातो. आणि हिरवा-तांबूस गंज, चांदीत मिसळलेल्या तांब्याचा. यातला क्लोराइड सर्वात मोलाचा साक्षीदार, कारण तो धातूच्या कणांच्या सीमांवरून आत घुसलेला असतो. वरून फासलेला बनावट गंज पृष्ठभागावरच बसतो आणि चिरेत शिरलेला दिसत नाही.

गंधकाच्या द्रावणात बुडवून केलेला काळेपणा सगळीकडे सारखा असतो: उंच भागांवर, खड्ड्यांत, अगदी ताज्या ओरखड्यांतही. जुना काळेपणा खड्ड्यांत जास्त, हाताळलेल्या उंचवट्यांवर कमी.

जुनी चांदी ठिसूळ होते. कणांच्या सीमांवर तांबं हळूहळू वेगळं पडतं, तिथून गंज शिरतो आणि पत्रा साखरेच्या खड्यासारखा तुटतो. भिंगाखाली वेड्यावाकड्या, फांद्या फुटलेल्या चिरा दिसल्या तर ते वयाचं लक्षण आहे. नवा पत्रा तुटत नाही, वाकतो. पण वाकवून बघायचं नाही! अस्सल पेला हातात तुटलेला असा "तपासनीस" दुकानदार आयुष्यभर विसरत नाही.

सोनाराकडे नेऊन कस लावणं, ॲसिडचा थेंब टाकणं, कानस फिरवणं यातलं काहीही करू नका. कसोटीवर चांदी किती शुद्ध ते कळतं, किती जुनी ते नाही.

पायरी ६: प्रयोगशाळा

चांदीचं वय थेट मोजून देणारी, बाजारात उपयोगी पडेल अशी चाचणी नाही. कार्बन-१४ सेंद्रिय पदार्थांसाठी, थर्मोल्युमिनेसन्स भाजलेल्या मातीसाठी. कुणी चांदीच्या पेल्यासोबत कार्बन-१४ चं प्रमाणपत्र दाखवलं तर प्रमाणपत्र आणि पेला दोन्ही परत करा.

प्रयोगशाळा करते ते उलटं काम: काय रोमन असू शकत नाही ते सांगते. क्ष-किरण प्रतिदीप्तीने, म्हणजे एक्सआरएफने, धातूचं मिश्रण कळतं. चांगल्या रोमन भांड्यांत चांदी बहुधा ९० टक्क्यांहून बरीच जास्त, थोडं तांबं, आणि शिसं व सोन्याचे अल्प अंश. ते त्या काळच्या शुद्धीकरणातून मागे उरत. आधुनिक विद्युत-शुद्ध चांदीत सोन्याचे हे अंश जवळपास नाहीसे होतात. साडेसात टक्के तांबं आणि बाकी निर्मळ चांदी, हे स्टर्लिंगचं, म्हणजे ९२५ ठशाच्या चांदीचं मिश्रण. डाखात कॅडमियम सापडलं तर तो जोड आधुनिक. मात्र तो जोड म्हणजे विसाव्या शतकातली दुरुस्तीही असू शकते, म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या जोडांवर वाचन घ्या.

इथे दोन खड्डे आहेत. एक, एक्सआरएफ फक्त वरचा पातळ थर वाचतं, आणि पुरलेल्या चांदीच्या वरच्या थरातून तांबं गळून गेलेलं असतं. त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा शुद्ध येतो. संवर्धकाने नजरेआड जागी सूक्ष्म भाग साफ करून पुन्हा वाचन घ्यावं. दुसरा खड्डा खोल: जुनी झिजलेली रोमन नाणी वितळवून नवा पेला केला तर मिश्रण अगदी प्राचीन येतं. म्हणून मिश्रणाचा निकाल एकटा धरायचा नाही. क्ष-किरण छायाचित्र सोबत हवंच. ठोकल्याच्या खुणा, अस्तर आणि बाहेरच्या पत्र्यातली फट, लपलेल्या दुरुस्त्या, ओतकामातले बुडबुडे सगळं त्यात उघडं पडतं.

रेषांमध्ये काळं निएलोचं भरण असेल तर त्याचीही तपासणी करून घ्या. रोमन निएलो चांदीच्या, कधी तांब्याच्या सल्फाइडचं. शिसं मिसळलेलं निएलो मध्ययुगात, अकराव्या शतकाच्या आसपास येतं. सोन्याचा मुलामा असेल तर त्यात पारा सापडणं पाऱ्याच्या जुन्या पद्धतीशी जुळतं; पारा नाही, थर सगळीकडे एकसारखा पातळ, तर विजेच्या मुलाम्याचा संशय घ्यावा.

सर्वात कठीण फसवणूक प्रयोगशाळेलाही चकवते: अस्सल पण साधा रोमन पेला, त्यावर आज कोरलेली नक्षी. धातू जुना, ठोकणी जुनी, गंज जुना. इथे छिन्नीच्या रेषेचा तळच खरं सांगतो. रेषा गंजाच्या थरातून गेली आहे की गंज रेषेत वाढला आहे, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला लावा.

पायरी ७: आता नक्षी

इथवर सगळं जमलं असेल तर नक्षीचा आनंद घ्या, पण डोकं ठिकाणावर ठेवून. प्रत्येक आकृतीला ज्ञात पेल्यांत जोड शोधा. जोडच नाही, हे जितकं वाईट तितकंच अगदी तंतोतंत जोड सापडणंही. बनावट काम पुष्कळदा दोन-तीन प्रसिद्ध भांड्यांतल्या आकृत्या उचलून जुळवलेलं असतं. चुकीच्या हातात चुकीची वस्तू, कपड्याची घडी जी कुठेच सुरू होत नाही, अर्थ लागत नाही असं लॅटिन, या खुणा.

शैलीवरच्या मतांना शेवट नसतो हेही लक्षात ठेवा. ब्रिटिश म्युझियमने १९९९ साली १८ लाख पौंडांना घेतलेला वॉरेन पेला पहिल्या शतकातला मानला जातो. तरी काही अभ्यासकांनी तो आधुनिक असल्याचा दावा केला आणि उलट बाजूने धातूवरच्या गंजाचा आधार देण्यात आला. तेव्हा तुमच्या पेल्याबद्दल एका तज्ज्ञाचं एक पत्र म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, विशेषतः ते पत्र विक्रेत्याने पैसे देऊन लिहून घेतलेलं असेल तर.

पायरी ८: करार

हमी लेखी घ्या आणि तिचे शब्द वाचा. लिलावगृहांची हमी बहुधा ठळक शीर्षकापुरती असते, खालच्या वर्णनाला लागू नसते, आणि तिला मुदत असते. "रोमन" आणि "रोमन शैलीतला" यात किमतीचा जमीन-अस्मानाचा फरक आहे. पावतीवर वस्तूचं पूर्ण वर्णन, वजन, मापं, फोटो आणि मालकीची साखळी छापून घ्या; मालकीवर कुणी दावा केला तर पैसे परत, ही अट वेगळी लिहून घ्या. बोलीच्या रकमेवर खरेदीदाराचं शुल्क, कर, वाहतूक, विमा चढतो. हातोडा पडतो त्या आकड्यात पाव भाग किंवा त्याहून जास्त भर पडेल असं धरूनच बोली लावा.

भारतात आणायचा असेल तर

युरोपीय संघात राहणाऱ्यांसाठी आधी एक सूचना: २८ जून २०२५ पासून २५० वर्षांहून जुन्या पुरातत्त्वीय वस्तू संघाबाहेरून आणायला आयात परवाना लागतो. उलट दिशेने, युरोपातून किंवा अमेरिकेतून भारतात पाठवताना त्या देशाचा निर्यात परवाना लागतो का, हे विक्रेत्याने लेखी सांगावं. परवाना मिळेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका.

भारतात १९७२ चा पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा १९७६ पासून लागू आहे. शंभर वर्षांहून जुनी कलाकृती म्हणजे पुरावशेष, आणि खासगी व्यक्तीला पुरावशेष देशाबाहेर नेता येत नाही. कायद्यातल्या व्याख्येत मूळ देशाची अट घातलेली नाही. म्हणजे लंडनमध्ये घेतलेला पेला कोथरूडच्या कपाटात आणून ठेवलात आणि पाच वर्षांनी परत लंडनच्या लिलावात पाठवायचा म्हटलं, तर वाट अडू शकते. आयातीची सगळी कागदपत्रं, सीमाशुल्काच्या पावतीसह, कायम जपून ठेवा आणि आणण्याआधीच सीमाशुल्क सल्लागार व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं कार्यालय दोघांना विचारा.

एक आमिष खास आपल्याकडचं. "हा पेला इथेच सापडला, सातवाहन काळात व्यापाऱ्यांनी आणलेला." कथेला आधार आहे: पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक टिपणात भडोच बंदरात राजासाठी महागडी चांदीची भांडी येत असल्याची नोंद आहे, आणि तो राजा म्हणजे नाशिकच्या लेण्यांत ज्याच्या घराण्याचे लेख आहेत तो क्षत्रप नहपान, असं मानलं जातं. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत तर भूमध्यसागरी कारागिरीचा काशाचा पोसायडन प्रत्यक्ष निघाला. पण गोष्ट खरी असेल तर पेला विकायचा हक्कच विक्रेत्याला नाही, कारण १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. आणि खोटी असेल तर पेलाही बहुधा खोटा. दोन्हीकडून नकार हेच उत्तर.

घरी आल्यावर

देवघरातली भांडी घासतो तसं काही करायचं नाही. चिंच, लिंबू, रांगोळी, पितांबरी, दंतमंजन, दुकानातलं चांदी उजळवायचं द्रावण, सगळं वर्ज्य. एका घासणीत मुलामा, निएलो आणि क्लोराइडचा साक्षीदार थर जातो, आणि त्याबरोबर किंमतही. उचलताना नायट्रिलचे हातमोजे, दोन्ही हात, एक तळाखाली. कानाला धरून कधीही नाही. खाली पसरलेली मऊ गादी असावी म्हणजे निसटला तरी आपटणार नाही.

ठेवायची जागा कोरडी हवी. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात नुसतं कपाट पुरत नाही: घट्ट झाकणाचा पॉलिप्रॉपिलीनचा डबा, आत सिलिका जेल, सोबत आर्द्रता दाखवणारी पट्टी, आणि आकडा ४० टक्क्यांच्या खाली राहील अशी व्यवस्था. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा कोरडं करायचं, पण पेल्यापासून दूर. गुंडाळायला आम्लमुक्त पातळ कागद किंवा चांदी काळी पडू न देणारं खास कापड. लोकर, रबर, वर्तमानपत्र आणि प्लायवूडचं नवं कपाट यांतून निघणारी गंधकयुक्त आणि आम्लयुक्त हवा चांदीला व तिच्यातल्या तांब्याला खाते, म्हणून ती जवळ नकोत. हिरवी पूड पुन्हा वाढताना दिसली, किंवा चिरेची लांबी गेल्या फोटोपेक्षा जास्त वाटली, तर धातूच्या पुरावस्तू हाताळणाऱ्या संवर्धकाला दाखवा. त्यासाठी पहिल्याच दिवशी सगळ्या बाजूंनी मोजपट्टीसह फोटो काढून तारीख घालून ठेवा, आणि दरवर्षी पावसाळा संपला की तेच फोटो त्याच कोनातून पुन्हा काढा.